काचेवरची अक्षरे : एका महागड्या फोनचे रूप आणि पडदा

दिवाळी अंकांतून कादंबरीचे समीक्षण येते, नाटकाचे येते, गाण्याच्या मैफलीचे येते, क्वचित एखाद्या चित्रप्रदर्शनाचेही येते. घरातल्या वस्तूचे समीक्षण करावे असे मात्र आपल्याला सहसा वाटत नाही. वस्तू घ्यायची, वापरायची आणि मोडली की माळ्यावर टाकायची, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार. वाड्याच्या दिंडीवर, पितळेच्या समईवर आणि सातारी कंदी पेढ्यावर आपण रसिकतेने बोलतो. पण ज्या काचेच्या तुकड्याकडे घरातला प्रत्येक माणूस, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत, पाहत असतो, त्याचे रूप कसे आहे, त्यावर आपली अक्षरे कशी उमटतात, याविषयी बोलायचे काम आपण दुकानदारावर आणि जाहिरातीवर सोडून दिले आहे. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो आणि जाहिरात स्वप्न दाखवते. वाचणाऱ्या माणसाची बाजू कोणीच मांडत नाही.

म्हणून हा लेख. विषय आहे सॅमसंग कंपनीचा ‘गॅलेक्सी एस २५ अल्ट्रा’ हा फोन. २२ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील सॅन होजे येथे कंपनीने तो जाहीर केला आणि भारतात त्याची किंमत १,२९,९९९ रुपयांपासून सुरू झाली. सर्वांत जास्त साठवणुकीचा नग १,६५,९९९ रुपयांना. एवढ्या पैशात आमच्या पिढीतल्या कित्येकांनी मुलीचे लग्न केले आहे. हा फोन माझा नाही, भाच्याचा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तो बेंगळुरूहून घरी आला तेव्हा तीन आठवडे तो बहुतेक वेळ माझ्याच हातात होता. कॅमेरा, आतली चिप, बॅटरी यांविषयी मी काही लिहिणार नाही. ते जाणणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले. तीस-बत्तीस वर्षे ओली प्रुफे वाचली. त्यामुळे अक्षर नीट दिसते की नाही, आणि अक्षर ज्यावर उमटले ती वस्तू हातात कशी बसते, या दोनच गोष्टींवर बोलण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे असे मी समजतो.

आधी रूप पाहू. जानेवारी २००७ मध्ये ॲपलचा पहिला आयफोन आला आणि तेव्हापासून फोन म्हणजे एक काचेची पाटी, हे जगभर ठरून गेले. बटणे गेली, झाकणे गेली, बाहेर डोकावणारी अँटेना तर त्याआधीच गेली होती. पाटीला रूप देणार ते काय? उरले चार कोपरे, चार कडा, जाडी आणि पाठ. रचनाकाराची सारी प्रतिभा आता या एवढ्याशा जागेत कोंडली गेली आहे. चौदा ओळींच्या सुनीतात कवीला कोंडावे तसे. फरक इतकाच की सुनीतात निदान शब्द निवडायचे स्वातंत्र्य असते.

सॅमसंगचा या बाबतीतला प्रवास मनोरंजक आहे. २०११ साली त्यांनी लेखणीसह ‘गॅलेक्सी नोट’ आणला. ५.३ इंचांचा पडदा पाहून तेव्हा लोक हसले होते. आज तेवढा फोन बाजारात लहान ठरेल. पुढे २०१४ सालच्या ‘नोट एज’पासून आणि २०१५ सालच्या ‘एस ६ एज’पासून कडेला वाकवलेली काच आली. दिसायला ती फार देखणी, पाण्याचा थेंब कडेला ओघळावा तशी. परंतु वाचायला? ओळीचे पहिले आणि शेवटचे अक्षर उतारावर घसरलेले, त्यावर दिव्याची एक चकचकीत रेघ, आणि फोन धरताना तळव्याचा मांसल भाग नकळत पडद्याला लागून पान भलतीकडेच सरकायचे. पुस्तकाच्या शिवणीजवळ गिळली जाणारी अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही व्यथा वेगळी सांगायला नको. फरक असा की पुस्तकात तो बांधणीचा दोष मानला जाई, येथे तो दागिना म्हणून विकला गेला, तोही जवळजवळ दशकभर. जानेवारी २०२४ च्या ‘एस २४ अल्ट्रा’त सॅमसंगने पडदा पुन्हा सपाट केला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या कंपनीने वाचकासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच, आणि तिचा गाजावाजा सर्वांत कमी झाला.

मात्र २०२४ चा तो फोन कोपऱ्यांना टोकदार होता. लोकरीच्या शालीत गुंडाळलेली वीट म्हणावी, तर शालही नव्हती. २०२५ च्या अल्ट्रात कोपरे गोल केले, रुंदी ७९ मिलिमीटरवरून ७७.६ वर आणली, जाडी ८.६ वरून ८.२ वर आणि वजन २३२ ग्रॅमवरून २१८ वर. पडदा मात्र ६.८ इंचांवरून ६.९ झाला, कारण भोवतीची काळी चौकट बारीक केली. वस्तू लहान होऊन तिचे पान मोठे होणे ही खरी कारागिरी आहे आणि तिला दाद दिलीच पाहिजे. तरी २१८ ग्रॅम म्हणजे पाव किलो साखरेच्या पुडीहून फक्त ३२ ग्रॅम कमी. बसून वाचताना काही वाटत नाही. पण आडवे होऊन, एका हाताने डोळ्यांसमोर धरून वीस मिनिटे वाचा, करंगळी बोलू लागते. आपल्याकडे वाचन हे बहुतांशी आडवे होऊनच चालते, हे कोरियातल्या रचनाकारांना कुणी तरी कळवले पाहिजे.

कडा टायटॅनियमची आहे. हा धातू पोलादापेक्षा हलका, ॲल्युमिनियमपेक्षा जड. ॲपलने तो सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला लावला, चार महिन्यांत सॅमसंगने लावला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलनेच आयफोन १७ प्रोसाठी तो सोडून पुन्हा ॲल्युमिनियम घेतले. यावरून या धातूची आवश्यकता किती आणि मिरवणूक किती, हे सुज्ञ वाचकांनी ठरवावे. मुख्य रंग चार, बहुतेक राखाडीच्या घरातले. त्यांची नावे ऐकली की सोनाराच्या दुकानात आल्यासारखे वाटते. पाठीवर भिंगांची वर्तुळे वेगवेगळी उठून आली आहेत. मेजावर फोन ठेवून त्यावर बोटाने लिहू गेले की तो एका अंगाला डुगडुगतो, पाय तोकड्या पाटासारखा.

आणि हे सगळे पाहणार कोण? आमच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मोबाईलच्या कुठल्याही दुकानी जा. फोन खोक्यातून बाहेर येतो न येतो तोच पोऱ्या विचारतो, “कव्हर कुठलं घालू?” गोल केलेले कोपरे, टायटॅनियमची कड, ८.२ मिलिमीटर जाडी हे सारे शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी कव्हरात दिसेनासे होते. नव्या सोफ्याचे प्लॅस्टिक वर्षभर न काढणारी आपली जात. महागडी वस्तू जपायची हा आपला स्वभाव आणि त्यात गैर काही नाही. सव्वा लाखाची वस्तू पडली तर पुन्हा कोण देणार? पण मग समीक्षकाला प्रश्न पडतो की, जे रूप गिऱ्हाईक पहिल्या दहा मिनिटांनंतर कधीच पाहणार नाही, त्याला गुण कशाचे द्यायचे? भाचा म्हणाला, “मामा, कव्हराशिवाय हातात घेऊन बघा की एकदा.” घेतला. सुंदर आहे. पण माझे सारे लक्ष तो निसटू नये याच्याकडे होते.

कव्हराने फक्त रूप झाकले जाते. स्क्रीनगार्डने होणारे नुकसान याहून मोठे आहे, आणि ते बहुतेकांच्या गावीही नसते.

या फोनची पुढची काच कॉर्निंग कंपनीची, ‘गोरिला आर्मर २’ नावाची. तिचा खरा गुण टणकपणात नाही. ती प्रकाश फार थोडा परत फेकते. साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. आकडा लहान वाटतो. पण खिडकी मागे असली किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असला की त्या चार टक्क्यांतच तुमचा चेहरा, पंखा आणि भिंतीवरचे कॅलेंडर अक्षरांच्या पाठीमागे तरंगू लागते. आर्मर जातीची काच हे परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी करते असा कंपनीचा दावा आहे. मोजायची साधने माझ्यापाशी नाहीत, परंतु माझा जुना फोन आणि हा शेजारी शेजारी ठेवून दोन्ही बंद केले, तेव्हा जुन्यात ट्यूबलाइट पांढऱ्या पट्टीसारखा लख्ख दिसत होता. नव्यात तो जांभळट, मंद, ओळख द्यावी की न द्यावी अशा संकोचात उभा होता. चालू पडद्यावर काळे अक्षर खरोखरच काळे दिसते. गुळगुळीत आर्ट पेपर आणि मॅप्लिथो यांत जो फरक, तोच. ज्याने चकाकत्या कागदावर छापलेली स्मरणिका दिव्याखाली तिरकी करून करून वाचली आहे, त्याला मॅप्लिथोचे मोल समजते.

आता त्यावर आपण काय करतो? दीडशे रुपयांची साधी टफन काच डकवतो. वरचा पृष्ठभाग पुन्हा साध्या काचेचा झाला, म्हणजे चार टक्के परत आले. ज्या गुणासाठी कारखान्याने एवढी खटपट केली आणि गिऱ्हाइकाने एवढे पैसे मोजले, तो गुण दुकानाच्या काउंटरवरच दोन मिनिटांत पुसला गेला. परावर्तन रोखणारे गार्ड मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात आणि महाग असतात. भाच्याने साधाच लावला होता. माझ्या आग्रहाखातर तो काढला. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

उन्हातली गोष्टही येथेच सांगतो. जाहिरातीत २६०० निट्स हा आकडा ठळक असतो. निट हे प्रकाशाच्या तेजाचे माप. पण हा कमाल आकडा आहे. पडद्याच्या लहान भागात, कडक उन्हात किंवा विशिष्ट चलच्चित्रात फोन आपणहून तिथवर जातो. आपण पट्टी सरकवून जो उजेड वाढवतो तो याच्या पुष्कळ खाली थांबतो. तरीही एप्रिलच्या दुपारी, बसस्टँडच्या उघड्या आवारात, हाताची सावली न करता मला मराठी मजकूर वाचता आला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. त्याचे श्रेय तेजापेक्षा त्या काचेला अधिक.

आता मुख्य मुद्दा, अक्षराचा. पडद्यावर ३१२० गुणिले १४४० ठिपके आहेत, म्हणजे इंचाला सुमारे ५००. २०१० साली स्टीव्ह जॉब्जने आयफोन ४ दाखवताना, फोन जेवढ्या अंतरावर धरतो तेवढ्यावर इंचाला ३०० च्या वर ठिपके गेले की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत असे सांगितले होते. त्या फोनला ३२६ होते. छापखान्यातल्या आमच्या पहिल्या लेझर प्रिंटरलाही ३०० च होते, आणि त्यावर काढलेल्या देवनागरीचे रफार पाहून आमचे जुने जुळारी तोंड फिरवत. तेव्हा ५०० हा आकडा ऐषआरामाचा आहे. गंमत अशी की हा फोन खोक्यातून निघतो तेव्हा २३४० गुणिले १०८० वरच लावलेला असतो. पूर्ण क्षमता हवी तर सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः निवडावी लागते. पुष्कळ मालकांना हे ठाऊकच नसते. वाड्याची निम्मी दालने कुलूपबंद ठेवून राहणाऱ्या भाडेकऱ्यासारखे ते नांदत असतात. खरे सांगायचे तर त्यांचे फारसे अडतही नाही.

मी माझे जुने भिंग लावून पाहिले. (भाचा म्हणाला, “मामा, पानं वाचा की, ठिपके काय मोजत बसलाय?” पण सवय ती सवय.) भिंगाखाली दिसते ती हिऱ्याच्या आकाराची मांडणी. हिरवे ठिपके पुष्कळ, तांबडे आणि निळे त्यांच्या निम्मे. सॅमसंग ही रचना २०१३ पासून वापरते. म्हणजे जाहिरातीतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचा पूर्ण संसार नसतो. शेजाऱ्याशी वाटून घ्यावे लागते. ऑफसेटच्या रंगीत छपाईत भिंगाखाली चार शायांच्या ठिपक्यांची फुले दिसतात, त्याचाच हा प्रकाशातला भाऊबंद. पण रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला याचा त्रास वेगळा. आपली शिरोरेषा लांबलचक आडवी, तिची वरची कड सरळ हवी. आणि तिच्यावर-खाली नाजूक कारभार. मी प्रुफात नेहमी जे शब्द आधी तपासतो तेच येथे तपासले. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्यात डोंगरातली दरी, दुसऱ्यात समुद्र, आणि दोहोंत फरक एका बारीक वळणाचा. ‘आचाऱ्यांना’ जेवायला वाढायचे की ‘आचार्यांना’, हेही त्या वळणावरच अवलंबून. मग ‘राष्ट्र्य’सारखी उतरंड, ‘वाङ्मय’मधला ङ आणि त्याच्या पोटाजवळचा टिंब, ‘कीर्तीं’मधला वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचा एकाच छपराखालचा संसार.

सर्व सुटे, सर्व स्वच्छ. कमी ठिपक्यांवर लावले तरी नुसत्या डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही. भिंगाखाली शिरोरेषेच्या कडेला किंचित दाते दिसतात एवढेच. मोनोटाइपच्या चांगल्या खिळ्यांनी, चांगल्या शाईने, चांगल्या दिवशी छापलेले पान सोडले तर इतके नीटस देवनागरी मी फारसे पाहिलेले नाही. पडदा म्हणून मी याला पैकीच्या पैकी देईन.

पण ठिपके हे कागद आणि शाई. टाइप कोणाचा? हा प्रश्न मराठी माणसाने विचारलाच पाहिजे, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाने तर जास्तच, कारण आपल्याकडे अक्षर ही नुसती अक्षर नसते. पाकळीचा ल आणि शेंडीचा श ही मराठीची ओळख. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती रूपे प्रमाण ठरवली. पण संगणकाच्या युनिकोड कोष्टकात मराठी ल आणि हिंदी ल यांना क्रमांक एकच. रूप कोणते दिसायचे ते टंक ठरवतो. चांगल्या टंकात दोन्ही रूपे ठेवलेली असतात आणि मजकुरावर ‘ही मराठी’ अशी खूण असेल तर मराठी रूप उमटते. आता तुम्ही मला निरोप पाठवलात, नुसता मजकूर, तर त्याला अशी खूण कुठून असणार? मग फोनच्या मनात जी देवनागरी असेल तिच्या वळणाने तुमचे पत्र मला दिसते. इंचाला ५०० ठिपके असोत की ५०००, याला इलाज नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. त्यांची मुले शाळेत एक ल लिहितात आणि आजीच्या पत्रात दुसरा वाचतात. तरी फोनची मुख्य भाषा मराठी लावून ठेवावी, असे मी सर्वांना सुचवीन. घरात मराठी बोलणारी, पण फोन इंग्रजीत ठेवणारी कितीतरी कुटुंबे माझ्या गल्लीत आहेत. कंपनीने मराठी आणि कन्नड दोन्ही दिल्या आहेत. आपण मागत नाही ते द्यायची सवय कुठल्याच व्यापाऱ्याला नसते.

कन्नडचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या शेजारी कन्नड शाळेतून निवृत्त झालेले सर राहतात. एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी त्याच फोनवर आपापली वर्तमानपत्रे वाचली. कन्नड अक्षरांचे पोट गोल आणि मोकळे, त्यामुळे लहान आकारातही ती फुललेली दिसतात. त्यांची अडचण खाली, जोडाक्षराचा दुसरा भाग तळाशी लटकतो तिथे. आमची अडचण वर. सर म्हणाले, “तुमचे पाहुणे माळ्यावर राहतात, आमचे तळघरात.” ज्या ॲपमधली ओळीची उंची रोमन लिपीच्या बेताने ठरवलेली असते तिथे दोघांच्याही पाहुण्यांची डोकी आणि पाय कापले जातात. फोन बनवणाऱ्याचा हा दोष नव्हे, ॲप बनवणाऱ्याचा. पण सर जे पुढे म्हणाले ते मला पटले. सव्वा लाखाच्या वस्तूत मालकाला अक्षर मोठे करता येते, जाड करता येते; दोन ओळींतले अंतर वाढवायची सोय सगळीकडे चालेल अशी असायला काय हरकत आहे? आमच्या दोन्ही भाषांना तिची गरज सारखीच आहे.

रंगांविषयी थोडक्यात. खोक्यातून निघताना फोन ‘व्हिव्हिड’ रंगांवर असतो. त्यात सारे जरा जास्तच खुलते. शेजारी ‘नॅचरल’ हा पर्याय आहे, तो खऱ्याच्या जवळचा. २०२४ च्या फोनात व्हिव्हिड पुरेसे भडक नाही अशी लोकांनी तक्रार केली आणि कंपनीला रंग चढवायची पट्टी द्यावी लागली! लोकरुची ही अशी. पण शहापूर-वडगावच्या आमच्या विणकरांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना हा नुसता रुचीचा प्रश्न नाही. साडीचा फोटो फोनवर जातो, पसंती फोनवर होते, आणि पार्सल उघडल्यावर डाळिंबी निघते मरून. मग ‘फोटोत तसा नव्हता’ यावरून परतीचा खर्च कोणी सोसायचा याची हुज्जत. साडीचे फोटो पाहताना निदान ‘नॅचरल’ लावा, दोन्ही बाजूंनी, एवढे मी सांगेन. फुकटची गोष्ट आहे.

डोळ्यांचा मुद्दा वयस्कर वाचकांसाठी महत्त्वाचा. या जातीचा पडदा उजेड कमी करताना दिवा बारीक करत नाही. तो फार वेगाने दिवा लावतो आणि विझवतो. सॅमसंगच्या पडद्यावर हे सेकंदाला सुमारे ४८० वेळा घडते. आपल्याला ते दिसत नाही, परंतु काहींचे डोळे दुखतात, कपाळ ठणकते. काही चिनी कंपन्यांनी हा वेग तीन-चार हजारांपर्यंत नेला आहे. सॅमसंग येथे मागे आहे आणि या किमतीला मागे असणे शोभत नाही. मला स्वतःला रात्री दिवा मालवून, पडदा अगदी मंद करून वाचले की तासाभरात डोळे चुरचुरू लागत. खोलीत दिवा ठेवून पडदा थोडा उजळ केला तर त्रास कमी. आमची आई अंधारात वाचू नको म्हणायची तेव्हा तिला हे कारण ठाऊक नव्हते, पण आज्ञा बरोबर होती.

आता थोडे आपल्या अंगणात येऊ. तीन आठवड्यांत या फोनवर मी सर्वांत जास्त वाचले ते गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक, पीडीएफ रूपात. आणि तिथे या अप्रतिम पडद्याचा पार मोड झाला. हिशेब सोपा आहे. पडद्याची रुंदी सुमारे २.९ इंच. आपल्या अंकाचे पान साधारण ७ इंच रुंद, दोन स्तंभांचे. ते पान या पडद्यावर पूर्ण बसवले की १२ पॉइंटाचा टाइप ५ पॉइंटाचा होतो. पाच पॉइंट! रेल्वे तिकिटाच्या मागच्या नियमांइतका. तो कितीही रेखीव उमटला तरी साठीच्या डोळ्याला काय कामाचा? मग दोन बोटांनी पान ताणायचे, पहिला स्तंभ संपेपर्यंत खाली सरकायचे, मग पुन्हा वर, उजवीकडे, पुन्हा खाली; कथा अशी वाचायची म्हणजे जात्याच्या खुंट्याला धरून फिरण्यासारखे. बरे, मजकूर निवडून मोठा करावा म्हटले तर पुष्कळ अंक अजून जुन्या सांकेतिक टंकांत जुळवलेले. बोट दाबून शब्द निवडला की हाती येते रोमन अक्षरांची खिचडी. शोध घेता येत नाही, फोनकडून मोठ्याने वाचून घेता येत नाही. दृष्टी अधू झालेल्या कितीतरी जुन्या वर्गणीदारांना ते वाचून घेणेच आज सर्वांत उपयोगी पडले असते.

जगातला उत्तमातला उत्तम पडदा आज आपल्या मुलांच्या, भाच्या-पुतण्यांच्या खिशात आहे आणि त्यावर आपण पाच पॉइंटाचे न शोधता येणारे पान पाठवतो. हीच मुले मराठी शाळेत गेलेली नाहीत म्हणून आपण सभांतून हळहळतो. भाच्याला मी एक कथा पीडीएफमध्ये दिली, त्याने अर्ध्या पानावर सोडली. तीच कथा युनिकोडमध्ये, एकाच स्तंभात, पडद्याच्या रुंदीला वाहणारी करून दिली, तर त्याने एका बैठकीत वाचली आणि “याच लेखकाचं आणखी काही आहे का हो, मामा?” असे विचारले. कागदी अंक बंद करा असे मी म्हणत नाही. माझा स्वतःचा जीव कागदात आहे. पण परगावी गेलेल्यांसाठी अंकाची दुसरी प्रत काढायची तर ती त्या २.९ इंचांच्या मापाने जुळवावी. डेमीचे पुस्तक क्राउनच्या फर्म्यात कोणी बसवत नाही.

राहिली लेखणी. फोनच्या पोटात ती अजून आहे. २०२५ मध्ये तिच्यातले ब्लूटूथ काढून टाकले. लांबून बटण दाबून फोटो काढायची सोय गेली म्हणून जगभर ओरड झाली. लिहिणाऱ्याचे त्यात काही गेले नाही. तिला बॅटरी लागत नाही, टोक बारीक आहे. काच निसरडी, त्यामुळे अक्षर माझ्या नेहमीच्या अक्षरापेक्षा जरा धावरे येते. काना सरळ उतरतो, पण ‘इ’चे वळण घसरते. मात्र एक काम तिने फार छान केले. एका स्नेह्याच्या कवितासंग्रहाची प्रुफे त्याने पीडीएफने पाठवली होती. ती मी या फोनवर, पान ताणून, थेट लेखणीने तांबड्या रंगात तपासली. काढून टाकायची खूण, जागा सोडायची खूण, ऱ्हस्वाचा दीर्घ. अठ्ठेचाळीस पाने, दोन बैठकांत. पोस्टाचा खर्च नाही, आठवड्याची वाट नाही, आणि ‘दर्या’चा ‘दऱ्या’ करताना दोन्ही वळणे स्वच्छ दिसत होती.

घ्यायचा कोणी? केवळ वाचनासाठी कोणी सव्वा लाख घालू नये. ज्यांना हा पडदा आणि ही काच हवी पण एवढा खर्च नको, त्यांनी २०२४ चा ‘एस २४ अल्ट्रा’ पाहावा. तोही सपाट, त्याचीही काच परावर्तन रोखणारी, ठिपके तेवढेच, लेखणीही आहे. कोपरे बोचतात, पण कव्हर तर तुम्ही घालणारच. सात वर्षे नवी प्रणाली देण्याचे वचन कंपनीने त्यालाही दिलेले आहे. गार्ड मात्र साधा लावू देऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. आणि पडद्याचे ठिपके पूर्ण क्षमतेवर लावून, भाषा मराठी करूनच दुकानाची पायरी उतरा.